टर्की हंटसाठी नेब्रास्का: स्टेटला साडेचार स्टार, गाइडला तीन

आधीच सांगते, मी कोल्हापूरची, आता शिकागोजवळ राहते. तिकडं शिकारीला कायद्यानं बंदी, त्यामुळं बंदूक हातात धरली तीच मुळी इथं आल्यावर. इलिनॉयमध्ये टर्कीच्या शिकारीचे दोन स्प्रिंग सीझन केले पण इथं मिळतो तो ईस्टर्न जातीचा जंगली टर्की, आणि मला मेरियम्स जातीचा पाहिजे होता, ज्याच्या शेपटीची कड पांढरीशुभ्र असते. नवरा म्हणाला एका कोंबडीसाठी एवढ्या लांब? म्हटलं हो.

स्टेट निवडताना लोक व्हिडिओ बघून ठरवतात, मीही तेच केलं आणि दोन महिने वाया घालवले. पहिल्यांदा बघायचं ते टॅग, म्हणजे शिकारीचं परमिट, मिळतोय का. शेजारचं आयोवा, पण बाहेरच्या स्टेटमधल्यांना तिथं ड्रॉ, म्हणजे लॉटरी, लागावा लागतो. कॅन्ससनेही बाहेरच्यांना ड्रॉ सुरू केलाय. फ्लोरिडातला ओसिओला जातीचा टर्की जगात फक्त त्या द्वीपकल्पावरच आहे, त्यामुळं खाजगी जमिनीवरच्या गाइडचे भाव ऐकून मी फोनच ठेवला. मिसूरी सोपं आहे, टॅग सरळ विकत मिळतो, पण तिथंही ईस्टर्नच. राहिलं नेब्रास्का. ड्रॉ नाही, पण 2023 पासून बाहेरच्यांसाठी 10,000 च परमिट, त्यामुळं जानेवारीत विक्री सुरू झाली की घेऊन टाकायचं, वर हॅबिटॅट स्टँप, म्हणजे आणखी एक फी, वेगळा. एप्रिलमध्ये बघू म्हणणाऱ्यांनी घरीच बसावं.

(एच-वन-बी वाल्यांनो, तुमच्या व्हिसावर बंदूक जवळ बाळगायला फेडरल कायद्यात मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्यात सूट आहे. वकिलाला विचारून मगच काय ते करा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारून नको.)

नेब्रास्कात बहुतेक जमीन खाजगी आहे, पण वायव्य कोपऱ्यात चॅड्रन-क्रॉफर्डच्या बाजूला पाइन रिज म्हणून टेकड्या आहेत, तिथं नॅशनल फॉरेस्ट आहे आणि मेरियम्सही तिथंच. मेरियम्स मूळचा तिथला नाही बरं का, 1959 मध्ये आणून सोडला आणि चांगलाच रुजला. आमच्याकडनं गाडीनं 14 तास, त्यात अख्खं आयोवा आडवं कापायचं, कंटाळा येतो.

आता गाइड. नाव लिहीत नाही. दोन दिवसांचे पैसे भरले, पहाटे सव्वाचारला गेटवर भेटायचं ठरलं. मी वेळेवर, हा गायब. गाडीत कुडकुडत चार मेसेज टाकले, शेवटचा जरा तिखटच होता, आणि मग लक्षात आलं की तिथं माउंटन टाइम आहे, शिकागोच्या एक तास मागं, आणि माझं मनगटावरचं घड्याळ अजून शिकागोत! माणूस बिचारा बरोबर सव्वाचारला थर्मास घेऊन आला, वर हसलाही नाही. त्याचा एक स्टार तिथंच वाढला. दुसरी चांगली गोष्ट, माझ्या जॅकेटच्या गळ्यातनं लाल स्कार्फ दिसत होता तो त्यानं लगेच काढायला लावला. नराचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं, झुडपात तसला रंग हलला की दुसरा शिकारी गोळी घालू शकतो. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

पण रँच फक्त तुमच्यासाठी असं सांगून घेतलेले पैसे, आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या कड्यावर अजून एक पार्टी! ते मादीचा आवाज काढून कॉल करतायत, आम्ही कॉल करतोय, मधला टॉम (नर टर्की) गोंधळून गेला तो गेलाच. विचारलं तर म्हणे कम्युनिकेशन गॅप. जेवण म्हणजे डब्यातले बीन्स, दोन्ही दिवस.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच फॉरेस्टमध्ये गेले. 2012 च्या वणव्यात जळालेले पाइन अजून काळे खांबासारखे उभे आहेत, त्यातल्या एकाला पाठ टेकून बसले आणि स्लेट कॉल, म्हणजे मादीचा आवाज काढायची पाटीची चकती, घासायला लागले. शाळेत पाटीवर पेन्सिल घासल्यासारखाच आवाज, आमच्या बाईंनी ऐकला असता तर छडीच मिळाली असती. अकराच्या सुमाराला वरनं उत्तर आलं, मग बराच वेळ काहीच नाही, पाय बधिर, आणि एकदम गवताच्या वर पांढरी कड दिसली, पंखा उघडून पाऊलपाऊल खाली येत होता, थांबला की छातीतनं घुमल्यासारखा बारीक आवाज. नंतर मोजलं, 28 पावलं.

म्हणजे गाइड नकोच असं नाही, पहिल्यांदा जाताय तर एक दिवस घ्या, पण रँचवर अजून कोण असणार ते लेखी घ्या.

छातीचं मांस तव्यावर मस्त झालं. तंगड्यांना मात्र कांदा-लसूण मसाला घालून कुकरच्या सहा शिट्ट्या दिल्या, तरी चिवट, अजून चार दिल्या तेव्हा कुठं नवऱ्यानं भाकरी मागितली.