दहा टक्के नेमके कशाचे? सांगली-मिरजेतल्या ‘फ्लॅट सांभाळतो’ सेवेचा हिशोब

फ्लॅट विश्रामबागेत किंवा मिरजेत, मालक पुण्यात नाहीतर परदेशात. अशा मालकांसाठी एजंट मंडळी एक सेवा देतात: भाडेकरू आणायचा, भाडं गोळा करायचं, दुरुस्ती बघायची आणि दरमहा भाड्याचे ठरावीक टक्के घ्यायचे. बोलणी १० टक्क्यांपासून सुरू होते असं धरून चालू.

समजा भाडं १०,००० रुपये. वर्षाचे १,२०,०००. त्यातले १२,००० फ्लॅट सांभाळणाऱ्या एजंटचे, म्हणजे मॅनेजरचे. नवा भाडेकरू आणला की एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून वेगळं. झाले २२,०००, म्हणजे दोन महिन्यांपेक्षा जास्त भाडं. वर आयकरात याची वेगळी वजावट नाही. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग मॅनेजर ठेवा किंवा ठेवू नका.

एवढ्या पैशात मिळतं काय? भाडं गोळा करण्याचं मोल आज शून्य आहे. यूपीआयनं ते थेट मालकाच्या खात्यात येतं आणि तसंच यावं. भाडं आधी स्वतःच्या खात्यात घेऊन टक्के कापून पुढे पाठवणारा मॅनेजर नकोच. डिपॉझिटलाही हाच नियम.

करारात मात्र माणसाची पारख होते. ‘पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू, चालतंय की’ म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत ११ महिने असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकावर, एजंटवर नाही. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. नोंदवलेला असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून कलम २४ खाली दुप्पट दरानं भरपाई मागता येते. खर्चही फार नाही. १०,००० भाडं, ११ महिने, ३०,००० डिपॉझिट धरलं तर पाव टक्क्यानं मुद्रांक शुल्क साधारण ३०० रुपये, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यावर जे मागतात ते टायपिंगचे आणि अंगठ्याचा ठसा घेणारं थम्ब मशीन घरी आणण्याचे.

दुसरं खरं काम ताबा देण्या-घेण्याच्या दिवशी. इंजिनिअरिंगच्या मुलांना फ्लॅट दिला असेल तर हा दिवस जवळपास दरवर्षी येतो; मिरजेतल्या हॉस्पिटलच्या स्टाफला दिला असेल तर बऱ्याचदा दोन-तीन वर्षं बघायला नको. त्या दिवशी प्रत्येक भिंत, स्विचबोर्ड, नळ, फ्लश टाकी यांचे फोटो, पंखे आणि किल्ल्या मोजून घेणं, आणि मीटरच्या रीडिंगचा तारखेसह फोटो. वीजबिल मालकाच्या नावावर असतं आणि शेवटचं बिल भाडेकरू गेल्यावर येतं. फोटो नसेल तर डिपॉझिटमधून किती कापायचं यावरून वाद ठरलेला. महावितरणकडे त्या ग्राहक क्रमांकाला मालकाचा मोबाइल जोडलेला असावा, म्हणजे थकबाकी मॅनेजरच्या तोंडून कळण्याची वाट बघावी लागत नाही.

मग गळती. ‘तुमच्या बाथरूममधून आमच्या छताला ओल येतीय’ असा खालच्या मजल्यावरून फोन आला, की कच्चा मॅनेजर थेट फरशीवाल्याला बोलावतो आणि चांगला आधी व्हॉल्व्ह बंद करतो. रात्रभर बाथरूमचा पुरवठा बंद ठेवायचा आणि नळाजवळच्या पाइपांत पाणी शिल्लक राहू द्यायचं नाही. एक-दोन दिवसांत ओल कमी झाली तर दोष बहुधा दाबाच्या लाइनमध्ये, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या पाइपात. अंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपचा (सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा. ट्रॅपचं तोंड बोळा घालून बंद करायचं, जमिनीवर इंचभर पाणी २४ तास साठवायचं. तरी खाली ओल दिसली तर फरशीचे सांधे किंवा खालचं वॉटरप्रूफिंग. नाही दिसली आणि बोळा काढून पाणी सोडल्यावर दिसली तर ट्रॅप किंवा त्याची पाइप. बऱ्याचदा फरशीच्या किंवा ट्रॅपभोवतीच्या सांध्यातलं व्हाइट सिमेंटच फुटलेलं असतं, तेव्हा एपॉक्सी ग्राउट भरून काम भागतं. हे न बघता अख्खी फरशी उकरली की बिल कुठल्या कुठे जातं. म्हणून लेखी ठरवावं: १,५०० पर्यंतचा खर्च न विचारता, त्यावर असेल तर आधी फोटो पाठवून विचारायचं आणि नंतर पावती द्यायची.

पूररेषेतलं घर असेल तर गोष्ट वेगळी. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या बाजूला तळमजला असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये गावात माणूस हवाच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ धोक्याची; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. मॅनेजरला सरळ विचारा, पाणी ४० फुटांवर आल्यावर तू काय करतोस? मेन स्विच बंद, पंपाची मोटार आणि इन्व्हर्टर वर, भाडेकरूचं सामान हलवायला टेम्पो, हे त्याच्या तोंडून यायला हवं. पाणी ओसरल्यावर गाळ ओला असतानाच धुवावा लागतो, वाळला की खरवडत बसा. भिजलेली मोटार वाळवल्याशिवाय चालू केली की वाइंडिंग जळतं. जमिनीतली टाकी उपसून धुतल्याशिवाय वापरायची नाही.

तेव्हा एक-दोन फ्लॅट वरच्या मजल्यावर असतील आणि मालक पुण्यापर्यंतच असेल, तर दरमहा टक्के देण्यात अर्थ नाही. वर्षात काम चार-पाच दिवसांचं. त्या दिवसांचे पैसे कामानुसार द्या: ताब्याच्या दिवसाचे इतके, दुरुस्तीवर उभं राहण्याचे इतके. एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन आणि दुसरा किल्ल्यांचा जुडगा शेजारी, एवढ्यावर भागतं. तळमजला पूरपट्ट्यात, तीनपेक्षा जास्त घरं किंवा मालक परदेशात, तर मॅनेजर परवडतो. त्याला मुखत्यारपत्र द्यायचं झालं तर फक्त करार नोंदवण्यापुरतं. अनिवासी मालकाच्या भाड्यातून भाडेकरूला टीडीएस (भाडं देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो, भाडं कितीही कमी असलं तरी. करार करताना हे एजंटनं स्वतःहून सांगितलं, तर त्याच्याशी पुढची बोलणी करायला हरकत नाही.