‘बल्लारशाचा साग’ आणि बिलातले जास्तीचे साडेचार घनफूट

दक्षिण नागपुरातल्या एका बंगल्यात मागच्या काँक्रीटच्या कोब्यावर 10 बाय 12 फुटांचा लाकडी डेक उन्हाळ्यात बसवून दिला. बल्लारशाचा साग, असं ठेकेदार सांगत होता. पाऊस सुरू झाल्यावर महिनाभरातच फळ्यांच्या कडा उचलल्या आणि प्रत्येक स्क्रूभोवती काळं वर्तुळ उमटलं. फळ्या काढल्या तेव्हा खालचा सगळा प्रकार दिसला.

लाकूड सागाचंच होतं, पण खोडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाचं, वरून तपकिरी रंग मारलेलं. वाळवी आणि कूज आधी याच भागाला धरते. लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात, माल बघताना फळी पालथी करून टोकाला पटाशीने खरवडा. आत पांढरं निघालं तर गाभ्याचा, म्हणजे खोडाच्या आतल्या गडद लाकडाचा, भाव देऊ नका. पॉलिश मारून आलेला माल तर घेऊच नका.

बिल 20 घनफुटांचं होतं. हिशेब सोपा आहे. 4 इंच रुंद, 1 इंच जाड, 10 फुटी फळ्या पाव इंच फट ठेवून बसवल्या तर 34 लागतात, म्हणजे साधारण साडेनऊ घनफूट. फळ्यांखालचे आडवे आधार, म्हणजे 2 बाय 3 इंचाचे 12 फुटी बत्ते, 15 इंचांवर धरले तर 9, म्हणजे साडेचार. एकूण 14, दहा टक्के घट धरूनही साडेपंधराच्या आत. इथे बत्ते 2 फुटांवर होते आणि फळी रंध्यानंतर जेमतेम पाऊण इंच, म्हणजे पाय पडला की लवणारच.

खरा घात मात्र बत्त्यांनी केला. ते कोब्याच्या उताराला आडवे आणि थेट काँक्रीटवर टेकवलेले, त्यामुळे प्रत्येक बत्त्यामागे पाणी अडलं. खालून ओल आणि वरून ऊन, म्हणून कडा उचलल्या. बत्ते उताराच्या दिशेनेच हवेत, खाली 8-10 मिमीचे रबरी तुकडे, भिंतीपासून 10 मिमी मोकळं आणि पाणी जायच्या जाळीवर उचलता येणारी झडप. कोब्यालाच उतार नसेल (मीटरला किमान 10 मिमी), तर आधी तो करून घ्या.

काळे डाग लोखंडाचे: सागातल्या टॅनिनशी त्याची क्रिया होते. 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मागा, फळी बत्त्याला जिथे छेदते तिथे प्रत्येकी दोन, म्हणजे 34 गुणिले 9 गुणिले 2, एकूण 612. आधी भोक पाडूनच. चुंबक घट्ट चिकटलं तर माल संशयास्पद. 304 ला किंचित ओढ असू शकते.

फळ्या ठोकण्याआधी नुसता सांगाडा बघून, त्यावर बादलीभर पाणी ओतूनच दुसरा हप्ता द्या. या ग्राहकाने 80 टक्के रक्कम आधीच दिली होती. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर ‘लाकूडकाम’ एवढंच लिहिलं होतं. लाकडाची जात, गाभा, जाडी, स्क्रू, काहीच नाही.