जुनी दोन सीटची सायकल बडोद्यात वापरताना: तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

रविवारी सकाळी आम्ही तिघं तीन सायकलींवर निघायचो तेव्हा नवरा पुढे, लेक मागे आणि मी मध्ये दोघांवर लक्ष ठेवत. दर चौकात थांबायचं, लेकीची वाट बघायची, ती पोचली की पुन्हा निघायचं. सासूबाई घरीच. एके काळी त्या दांडिया बाजारातून फतेगंजला शाळेत शिकवायला रोज सायकलने जात. पुढे काचबिंदूने दोन्ही बाजूंची नजर कमी होत गेली आणि सायकल सुटली. समोरचं त्यांना अजून बरं दिसतं, पण डावी-उजवीकडून येणारी रिक्षा दिसत नाही. टँडम, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून पाय मारायची दोन सीटची सायकल, घ्यायची ती या दोघींसाठी, एवढं घरात ठरलेलं होतं. लोक तिच्याकडे जोडप्यांच्या हौसेची गाडी म्हणून बघतात. मला ते पटत नाही. ताकदीत, वयात किंवा नजरेत मोठा फरक असलेल्या दोन माणसांना एकाच वेगाने नेणारं, आणि तरीही दोघांनाही पाय मारू देणारं, दुसरं वाहन मला माहीत नाही.

ओळखीतून कळलं की समा भागात एका घरी जुनी विलायती टँडम पडून आहे. त्यांच्या आजोबांनी इंग्लंडहून परतताना बोटीने आणलेली. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही सायकल त्यांच्या तळमजल्यावर होती. चाकं पूर्ण बुडालेली, दोन्ही सीटा पाण्यावर, हे भिंतीवरच्या डागावरून कळत होतं. मागत होते २२,०००, ठरली १५,०००ला. पूर पाहिलेल्या सायकलीला एवढे पैसे कशाला, असं शेजारी म्हणाले. पण गंज दोन प्रकारचा असतो: वरवरचा घासून जातो, नळीच्या आतला फ्रेम खातो. म्हणून आम्ही सीटची नळी काढून, सायकल उलटी करून, फ्रेमवर लाकडाने हलके ठोके मारले. थोडी तांबूस भुकटी पडली, पापुद्रे मात्र एकही नाही. नळ्यांचे सांधे नखाने तपासले. पुढच्या चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या भागाच्या) मागे रंगाला सुरकुती आहे का ते पाहिलं, कारण जुन्या टँडमला धडक बसली असेल तर ती आधी तिथे दिसते. दोन माणसांचं वजन ब्रेक लावल्यावर सगळं पुढे येतं, त्यामुळे चिमट्यात खोट असेल तर रंग कितीही सुंदर असला तरी घरी परतावं.

पुढचा बिल्ला गळून गेलेला, त्यामुळे कंपनी कळेना. वय मात्र मागच्या चाकाने सांगितलं. त्यात स्टर्मी-आर्चर या इंग्रजी कंपनीचा तीन गिअरचा ‘एडब्ल्यू’ हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, आहे, आणि हे हब बनवताना कवचावरच वर्ष आणि महिना ठोकलेला असे. आमच्यावर ‘६४ ११’ आहे, म्हणजे नोव्हेंबर १९६४. चाक मागाहून बदललेलं असू शकतं हे धरूनही, विकणारा सांगेल त्यापेक्षा हा पुरावा बरा. याच हबमुळे मी जुनी घेण्याच्या बाजूची झाले. गिअर आत, तेलात. पहिला गिअर मधल्यापेक्षा २५ टक्के हलका, तिसरा ३३ टक्के जड, आणि बडोद्यासारख्या सपाट गावात तीन पुरून उरतात. कवचावर तेलाचं छोटं झाकण असतं, त्यातून अधूनमधून चार थेंब सोडायचे. पुराचं पाणी आत गेलंच होतं, म्हणून मिस्त्रीकडून तो पूर्ण उघडून, धुऊन घेतला. आतल्या गिअरचा एकही दात झिजलेला निघाला नाही.

आता सुट्या भागांबद्दल, कारण सगळे पहिल्यांदा हेच विचारतात. विलायती सायकल म्हणजे सामान मिळणार नाही, हा समज आपल्याकडे तरी अर्धाच खरा आहे. आपली काळी सायकल याच इंग्रजी घराण्यातली. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा, ही जुनी इंग्रजी पद्धत आपल्या साध्या सायकलींनी तशीच ठेवली, त्यामुळे मागच्या चाकाच्या तुटक्या तारा त्याच लांबीच्या नव्या घालून मिळाल्या. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, पक्का धरणाऱ्या कॉटर पिना मिळाल्या. छर्रे मिळाले. टायर २६ बाय १ ३/८, लेडीज सायकलीला असतो तोच. फक्त विकत घेताना टायरच्या कडेवर ५९० हा आकडा (रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, मिलिमीटरमध्ये) वाचून घ्यावा. दुकानदार ‘२६चाच आहे’ म्हणून रेंजर सायकलीचा टायर पुढे करतात, तो ५५९चा असतो आणि या रिमवर कधीही बसणार नाही.

अडलं ते एकाच ठिकाणी. मागच्या माणसाचं हँडल पुढच्या माणसाच्या सीटच्या नळीला पकडलेलं असतं, आणि ती नळी फ्रेममध्ये गंजून गच्च बसली होती. ती हलत नाही तोवर पुढची सीट वर-खाली होत नाही, म्हणजे मी आणि माझ्यापेक्षा हातभर उंच नवरा आलटूनपालटून चालवू शकत नाही. मिस्त्रीने तापवायचं नाही म्हणून हट्ट धरला आणि तो बरोबर होता, कारण या फ्रेमचे सांधे पितळेने जोडलेले असतात. रोज थोडं तेल सोडून, नळी पाण्याच्या पाइपच्या पान्यात धरून त्याने ती हळूहळू फिरवत काढली. जुनी टँडम बघायला जाल तेव्हा दोन्ही सीटा आणि दोन्ही हँडलं हलवून दाखवा असं आधी म्हणा. कुटुंबासाठी हाच मुद्दा सगळ्यांत मोठा आहे.

या सायकलीचं मर्म डाव्या बाजूला आहे. उजवीकडे नेहमीसारखी चेन, मागच्या पेडलांपासून चाकापर्यंत. डावीकडे आणखी एक लांब चेन, पुढच्या पेडलांना मागच्या पेडलांशी बांधणारी. एक चेन पुरत नाही. “बेन, आमां बे चेन जोडवी पडशे,” असं म्हणत मिस्त्रीने दोन साध्या चेन जोडून ती बनवली. ती ताणायची सोय पुढच्या क्रँकच्या कवचात असते: आत एक जाड लाटणी, तिला भोक मध्यावर नाही तर एका बाजूला, ती फिरवली की क्रँक पुढे सरकतो आणि चेन घट्ट होते. आमची ती लाटणी पुराने जाम झाली होती, रॉकेलमध्ये मुरवून सुटली. चेन मधोमध बोटाने दाबली तर साधारण अर्धा इंच हलावी. फार सैल ठेवली तर खड्ड्यात एक दात उडी मारते आणि मग पुढचं पेडल खाली गेलेलं असताना मागचं अजून पोचलेलं नसतं. मागच्याला लगेच कळतं, पुढच्याला कळत नाही. आमच्याकडे हे पहिल्यांदा सासूबाईंनी ओळखलं. “अगं, माझे पाय तुझ्या मागून येतायत,” म्हणाल्या.

चालवायला शिकणं अवघड नाही, पण त्याचा एक क्रम आहे आणि तो मोडायचा नाही. पुढच्याने दांड्यावरून पाय टाकून, दोन्ही ब्रेक दाबून, दोन्ही पाय जमिनीवर रोवून उभं राहायचं. मागच्याने आरामात चढून दोन्ही पाय पेडलांवर ठेवायचे आणि ते खाली उतरवायचे नाहीत, थांबलो तरी नाहीत. मग मागच्यानेच पेडल योग्य जागी आणायचं आणि दोघांनी एकदम जोर द्यायचा. आमच्या सायकलीला मागच्या बाजूला आडवा दांडा नाही, नळी खाली उतरती आहे, जुन्या इंग्रजी टँडमना बऱ्याचदा अशी ‘लेडी बॅक’ रचना असायची. त्यामुळे सत्तरीतल्या सासूबाईंना पाय वर उचलावा लागत नाही. पुढच्याने बोलत राहायचं: ‘खड्डा’, ‘थांबतेय’, ‘पाय सोडा’, ‘वळतेय’. मागच्याला समोर फक्त पाठ दिसते, त्याला न सांगता ब्रेक दाबणं हा अन्याय आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच सासूबाईंना बसवलं. मागे बसणाऱ्याला ना दिशा सांभाळायची असते ना ब्रेक, फक्त पाय आणि तोल. पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीन सायकलपटू याच रचनेवर शर्यत करतात, पुढे डोळस पायलट असतो. सामान्य ऑलिम्पिकमध्येही टँडमची शर्यत १९७२पर्यंत होती. हे सासूबाईंना सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, की मागचा किती जोर लावतो. तेवढाच, म्हटलं. तेव्हापासून त्या जोर लावतात. मांडवीहून लहेरीपुरा दरवाज्याकडे येताना गर्दीत मी पाय सोडले की चाक थांबत नाही, त्या चालवत असतात, आणि मला सांगावं लागतं, “आई, जरा दमानं.” त्यांच्या गुडघ्यांसाठी मी पहिल्या गिअरमध्येच निघते. पेडल भरभर फिरवणं त्यांना सोसतं, जड दाबणं नाही. दोघांची पेडलं एका साखळीत असल्यामुळे हा वेग दोघांनाही मान्य असावा लागतो. तिथे पुढच्याने नमतं घ्यावं.

आमचा नेहमीचा फेरा सूरसागर, न्यायमंदिर, राजमहाल रोडने लक्ष्मीविलास राजवाड्याच्या भिंतीकडेने, मग काळा घोडा चौकातून कमाटी बागेच्या दरवाज्याशी थांबून सेव-उसळ आणि परत. सासूबाई रस्ता आवाजावरून आणि वळणांवरून ओळखतात, आणि विश्वामित्रीच्या पुलावर आलो की मगर दिसते का म्हणून मला बघायला सांगतात. सायकल थांबवल्याशिवाय मी बघत नाही. लांबचा रस्ता सिंधरोटचा: जेतलपूर पुलावरून पलीकडे, गोत्री, सेवासी आणि मग मही नदीपर्यंत दोन्ही बाजूंना शेतं. तिथे नवरा पुढे आणि लेक मागे. पुलाच्या चढावर टँडम जड जाते, पण सरळ रस्त्यावर दोघांची ताकद एकत्र आणि वारा एकाच अंगावर. आठ वर्षांची मुलगी एवढं अंतर स्वतःच्या सायकलीवर बापाच्या वेगाने जाऊच शकली नसती.

लेकीचे पाय मूळ पेडलांना पुरत नव्हते. परदेशात यासाठी तयार जोड मिळतो, आम्ही मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका लेथवाल्याकडून करून घेतला: भंगारातल्या सायकलीचं क्रँकचं कवच कापून, पट्ट्यांनी मागच्या सीटच्या नळीला वर पकडलेलं, आखूड क्रँक, आणि डाव्या बाजूने खालच्या क्रँकपर्यंत आणखी एक चेन. चार बोल्ट सैल केले की निघतो. ३,२०० रुपये पडले आणि या सायकलीवर केलेल्या खर्चात हा मला सगळ्यांत सार्थ वाटतो. त्यावर मुलाच्या पायाशी चेनला पत्र्याचं झाकण हवंच, त्यात काटकसर नको.

आता वाईट बाजू. रिम चकचकीत लोखंडी आहेत आणि पावसात त्यांच्यावर रबराचे ब्रेक जवळजवळ धरत नाहीत. दोन माणसं आणि २६ किलोची सायकल (वाण्याच्या काट्यावर तोललेली) थांबायला कोरड्यात लागतं त्याच्या कितीतरी पट अंतर लागतं. म्हणून पावसाळ्यात रस्ता ओला असेल तर आम्ही काढत नाही, आणि वाटेत सर गाठली तर उतरून चालतो. दुसरं, या हबमध्ये मधल्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा आहे. गिअरची तार सैल झाली की नेमक्या जोराच्या वेळी पेडल हवेत फिरतं. दोघांनी एकदम उभं राहून पाय मारायचे नाहीत, हा आमचा नियम त्यामुळेच. गिअरचा खटका मधल्या जागी ठेवून, मागच्या चाकाच्या उजव्या नटाच्या भोकातून बघायचं: आतल्या काडीचं टोक आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत हवं. दर महिन्याला बघतो. तिसरं, मागची सीट चाकाच्या जवळजवळ वर असल्याने प्रत्येक खड्डा मागच्याच्या कमरेत जातो. तिथे काळ्या सायकलीची जाड स्प्रिंगची सीट बसवली, फरक मोठा पडला. आणि लांबी आठ फूट: लिफ्टमध्ये मावत नाही, गाडीच्या मागे लागत नाही, पोळातल्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीतल्या, अरुंद वळणावर एका दमात वळत नाही. आमच्या जुन्या घराला चौक आहे म्हणून ती उभी राहते. चौथ्या मजल्यावर फ्लॅट असेल आणि खाली कुलूपबंद जागा नसेल, तर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन.

सायकल आणि दुरुस्ती मिळून आजवर २६,०००च्या आसपास गेले. मिस्त्री निवडताना घाईचा नको, या गाडीला वेळ देणारा हवा. एका दुकानाने चाक सरळ करून देतो म्हणून तारा इतक्या ताणल्या की दोन तुटल्या. आताच्या मिस्त्रीने त्या बदलल्या आणि सगळ्या चाळीस तारा वाजवून सारख्या केल्या.

पुढच्या पावसाआधी ब्रेकचं काम करायचं आहे. लोखंडी रिमवर ओल्यात रबरापेक्षा चामडं जास्त धरतं, जुन्या इंग्रजी सायकलींसाठी तोंडावर चामडं लावलेले ब्रेक शू याचसाठी बनत. रावपुऱ्यातल्या मोच्याला नमुन्याचे दोन शू दिले आहेत. आधी एकट्याने, रिकाम्या रस्त्यावर, रिमवर पाणी ओतून बघणार. ते धरले तरच सासूबाई मागे बसतील.