धौलाधार की पीर पंजाल? हिमालयातला पहिला ट्रेक ठरवणाऱ्या नाशिककरांसाठी

कळसूबाई, साल्हेर, हरिहर करून झाले की पुढचा प्रश्न येतो तो हिमालयाचा, आणि जो तो आधी उंची विचारतो. माझं म्हणणं, सुट्टी कोणत्या महिन्यात मिळतेय ते आधी बघा. हिमाचलातल्या या दोन रांगांमध्ये खरा फरक पावसाचा आहे.

धौलाधार कांगडा खोऱ्यातून एकदम भिंतीसारखी उठते. मोसमी वारे थेट तिच्यावर आपटतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तिच्या पायथ्याच्या धर्मशाळा शहरात धो धो पाऊस. तेव्हा तिकडे जाऊच नका. मे-जून किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर हा तिचा काळ. धर्मशाळेच्या वरचं मॅक्लोडगंजच कळसूबाईपेक्षा उंच आहे. तिथून त्रिउंड (सुमारे 2,850 मीटर) एका दिवसात होतं, मुलं-आईवडील बरोबर असले तरी जमतं. पुढचा इंद्रहार पास (सुमारे 4,340 मीटर) मात्र मोठमोठ्या दगडांवरून चढणारा, गुडघ्यांची परीक्षा घेणारा. गद्दी मेंढपाळ कळप घेऊन याच वाटेने कांगड्यातून चंब्याकडे जातात.

पीर पंजालमधला हम्प्ता पास (सुमारे 4,270 मीटर) उंचीला जवळपास तेवढाच, पण चढ टप्प्याटप्प्याने. आणि भूगोल बघायचा असेल तर याला तोड नाही. कुल्लूकडून देवदार, भोजपत्र, हिरवी कुरणं ओलांडत खिंडीत पोचायचं आणि पलीकडे उतरायचं ते लाहौलच्या उघड्या, तपकिरी डोंगरांत. इगतपुरीचा पाऊस सिन्नरला पोचेपर्यंत कसा विरतो, ते आपल्याला ठाऊक आहे. इथे तोच पर्जन्यछायेचा खेळ एका खिंडीच्या दोन बाजूंना दिसतो. जूनच्या मध्यापर्यंत बर्फ बराच असतो. जुलै-ऑगस्टमध्ये कुल्लूकडे भिजाल, पण लाहौलकडे पाऊस कमी. खिंडीपलीकडच्या शिया गोरू मुक्कामाजवळचा ओढा सकाळी लवकर ओलांडतात, कारण ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी फुगतं. त्या पाण्यात पाय बधिर होतात, सुके मोजे हाताशी ठेवा.

प्रवासात धौलाधार सोपी: मनमाडहून झेलम एक्सप्रेसने पठाणकोट, पुढे बस. हम्प्तासाठी आधी मनाली गाठायची, तिथे दिल्ली किंवा चंडीगडहून रात्रभराची बस.

मे किंवा ऑक्टोबरची सुट्टी असेल तर धौलाधार. जून अखेर ते सप्टेंबर असेल तर हम्प्ता, आणि दोन्ही जमत असतील तरी माझं मत हम्प्तालाच. फक्त नाशिकच्या सहाशे मीटरवरून जाताय हे विसरू नका: मनालीत एक पूर्ण दिवस थांबा, भरपूर पाणी प्या, आणि डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर न चढता खाली उतरा.