सहा व्होल्ट आणि बारा व्होल्ट: जावा २५० व नवी गाडी, चौदा महिन्यांनंतर

जावा २५०, टाइप ३५३: माझी जुनी, सहा व्होल्टची टू-स्ट्रोक मोटारसायकल. आणली तेव्हा इंजिन जाम. पहिले पाच महिने ती स्टँडवरून हलली नाही, पुढच्या नऊ महिन्यांत २,३०० किलोमीटर झाले. याच चौदा महिन्यांत माझी नवी गाडी (एक सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, एबीएस) ९,००० किलोमीटर पळाली. तिला तेल, फिल्टर आणि चेनचा स्प्रे, एवढंच लागलं. तरी रविवारी हात जुनीकडेच जातो.

आधी एक कबुली. नवी गाडी नसती तर जुनी उभी राहिली नसती. रोज कामावर जायची सोय होती म्हणून जावाचं इंजिन दीड महिना उघडं पडून राहू शकलं. एकच गाडी असती तर मी घाई केली असती, आणि जुन्या इंजिनात घाईने केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

इंजिन जाम होण्यात गाडीचा दोष नव्हता. कोणीतरी प्लग काढून तिला तशीच उभी करून ठेवलेली, प्लगच्या भोकातून वर्षानुवर्षं ओल आत गेलेली. डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल मिसळून सिलिंडरमध्ये ओतलं आणि वाट बघितली. या काळात किकवर उभं राहायचा मोह फार होतो. पण जावात किक आणि गिअरचा दांडा एकच: आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. त्याच्यावर जोर काढून आतलं काही मोडलं असतं तर काम दुप्पट. म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक रोज थोडं पुढे, थोडं मागे. आठव्या दिवशी पिस्टन हलला. पुढे सिलिंडर बोअर करून (आतून एकसारखा कापून) घेतला, नवा पिस्टन आणि रिंग्ज टाकल्या.

खरा वेळ खाल्ला तो ऑइल सीलने, म्हणजे क्रँकच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी कडीने. गाडी सुरू झाली, आयडलही धरलं. पंधरा मिनिटं चालवली की मात्र आरपीएम आपोआप चढायचा आणि थ्रॉटल सोडला तरी खाली यायचा नाही. मी कार्बोरेटरच्या मागे लागलो. जेट साफ केले, बदलले, फ्लोट तपासला, केबल बदलली. प्लग काढून बघावा तर पांढराफटक. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनखाली, क्रँककेसमध्ये ओढलं जातं, म्हणून तिथे बाहेरची हवा शिरता कामा नये. क्रँकचं सील सुकून कडक झालं की तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि नीट केलेला पिस्टन पुन्हा जाम व्हायची वेळ येते. क्लचच्या बाजूचं सील गेलं असतं तर ते तिथलं तेल ओढून पांढरा धूर सोडत बसलं असतं आणि मला लगेच कळलं असतं. माझं गेलेलं होतं डायनामोच्या बाजूचं, कोरडं. धूर नाही, डाग नाही.

शेवटी इंजिनची सगळी तोंडं बंद करून आत हवेचा हलका दाब दिला आणि साबणाचं पाणी लावलं. (एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, त्यामुळे बंद करायचं तोंडही एक जास्त.) डायनामोच्या मागे बुडबुडे आले. जुनी टू-स्ट्रोक उघडलीच असेल तर दोन्ही सीलं बदलून टाका, दिसायला कितीही चांगली असोत. कार्बोरेटरवर घालवलेले माझे तीन आठवडे काही परत येणार नाहीत.

वायरिंगबद्दल थोडक्यात. सहा व्होल्टचा दिवा मिणमिणतो अशी सगळ्यांची तक्रार असते. ३५ वॉटच्या बल्बला बारा व्होल्टवर तीन अँपिअरही लागत नाहीत, सहावर जवळजवळ सहा लागतात. त्यामुळे प्रत्येक गंजलेला जोड दुप्पट त्रास देतो. फ्रेमला नवा रंग मारला होता, त्याच रंगावर अर्थची वायर बसवलेली. तेवढा रंग खरवडला आणि उजेड स्पष्ट वाढला. तरीही अंधार पडल्यावर मी नवीच काढतो. पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे, उघडझाप करणारे संपर्क) ०.४ मिमीच्या फटीवर फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, लावले की महिनोन्महिने बघावं लागत नाही. कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा भाग) मात्र नवे घेतलेले दोन्ही लागोपाठ गेले. जुनाच परत लावला, तो चालतोय.

चालवायला कशी? आवाज आणि बैठक यांवर मी काही बोलत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. सवयींची सरमिसळ हा मोठा विषय आहे. जावात गिअरचा पाय हलवला की क्लच आपोआप सुटतो, हाताचा लिव्हर न दाबताही गिअर पडतो. याची इतकी सवय झाली की सोमवारी नव्या गाडीवर क्लच न दाबता गिअर मारला आणि खटकन आवाज आला. उलट बाजूची सवय जास्त धोक्याची. नवीवर उतारावर थ्रॉटल सोडून इंजिनवर वेग धरायचा, हे अंगात भिनलेलं. जावासारख्या जुन्या टू-स्ट्रोकला मात्र तेल पेट्रोलमधूनच मिळतं. थ्रॉटल बंद आणि इंजिन जोरात फिरतंय म्हणजे ते जवळजवळ कोरडं फिरतंय. लांब उतारावर मी आता क्लच दाबतो, नाहीतर मधूनमधून थ्रॉटल उघडतो.

मग उरतो ब्रेक. एबीएसवर वाढलेल्या हाताला ड्रम ब्रेक म्हणजे अर्ज करून वाट बघणं. नवे शूज टाकून थोडा फरक पडला. खरा फरक पडला तो पुढचा अ‍ॅक्सल सैल करून, ब्रेक दाबून धरून, मग नट आवळल्यावर. शूज ड्रममध्ये मधोमध बसले. जुन्या शूजची धूळ फुंकर मारून किंवा हवेने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा. टायर, केबल आणि ब्रेक यांच्या आधी रंग आणि क्रोमवर पैसे घालणाऱ्यांचं मला नवल वाटतं. माझ्या हँडलचं क्रोम अजून सोललेलंच आहे.

गेल्या महिन्यात तीन आठवडे सलग जावाच चालवली. नवीला किल्ली लावली तर मीटरवर एक क्षीण झगमग आणि मग काळोख. घड्याळ आणि इमोबिलायझर उभ्या गाडीतही थोडा थोडा करंट पीत राहतात, हे विसरलो होतो. तिला किक नाही. ढकलून बघितलं, पण पेट्रोलचा पंप आणि इसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) यांना जाग येण्याइतकीही बॅटरी नव्हती. चार्जर आणला, तर तो निघाला सहा व्होल्टचा. वर्षभरात जमवलेलं सगळं सामान जावाचं. मग बारा व्होल्टची बॅटरी दोरीने जावाच्या मागच्या सीटवर बांधली, टिकलर (कार्बोरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल सोडणारं बटण) दाबला, दुसऱ्या किकला इंजिन लागलं, आणि मित्राकडे चार्जिंगला निघालो.