दोन मिनिटांची उघडीप: मीडियम फॉरमॅट फिल्म घ्यावी की डिजिटल?

भरलेलं आभाळ मध्येच फाटतं, डोंगराच्या एका सोंडेवर उन्हाची तिरीप पडते आणि ट्रायपॉडचा पाय घट्ट करेपर्यंत सगळं पुन्हा झाकोळतं. निसर्गचित्रणासाठी मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मचा किंवा सेन्सरचा कॅमेरा, घ्यायचा विचार असेल, तर दोन्ही कॅमेरे या दोन मिनिटांत काय करतात ते आधी बघा. उजेड स्थिर असला की फिल्म काय, डिजिटल काय, दोन्हीवर चित्र छानच येतं. फरक कळतो तो हवा पालटायला लागली की.

आधी मापं. १२० च्या (मीडियम फॉरमॅटच्या फिल्मच्या) रोलवरची ६×७ सेंटिमीटर म्हणतात ती फ्रेम साधारण ५६×७० मिलिमीटरची असते आणि एका रोलमध्ये १० फोटो निघतात. ६×६ मध्ये १२ निघतात. डिजिटलमध्ये फुजीफिल्मची जीएफएक्स मालिका, हॅसलब्लाडची एक्स मालिका आणि पेंटॅक्स ६४५झेड या सगळ्यांचा सेन्सर साधारण ४४×३३ मिलिमीटरचा आहे. फुल फ्रेमच्या (३६×२४ मिलिमीटर) तुलनेत तो क्षेत्रफळाने १.७ पट मोठा, पण ६×७ च्या निम्म्याहून लहान. नाव एकच असलं तरी या दोन मापांत बरंच अंतर आहे, आणि ते सगळ्यात आधी जाणवतं वाऱ्यात.

वारा

समोर गवत, मागे डोंगर, दोन्ही स्पष्ट हवेत. ६×७ वर ९० मिलिमीटरची लेन्स, एफ/२२ (लेन्सचं छिद्र अगदी बारीक), आयएसओ ५० ची म्हणजे उजेडाला मंद अशी स्लाइड फिल्म (थेट खऱ्या रंगात चित्र देणारी), आभाळ ढगाळ आणि ओल्या पानांची चमक मारायला पोलरायझर. शटर येतं जवळजवळ एक सेकंद. एवढ्या वेळात गवताचा धूर होतो. तेच दृश्य ४४×३३ वर घ्यायला ५५ मिलिमीटरची लेन्स लागते, तेवढीच खोली एफ/१४ च्या आसपास मिळते आणि आयएसओ ४०० केलं तरी चित्राचं फारसं काही बिघडत नाही. शटर येतं १/२०. गवत यातही हलेल, पण झुळूक थांबायची वाट बघता येते. सेकंदभराच्या शटरला तीही सोय नसते.

इथे डिजिटलवाल्यांना एक मोह होतो: फोकस स्टॅकिंग. एफ/११ च्या पुढे १०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर डिफ्रॅक्शनचा (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने येणारा) मऊपणा दिसू लागतो, म्हणून वेगवेगळ्या फोकसच्या आठ-दहा फ्रेम घेऊन त्या जोडायच्या. ढग धावत असताना हे जमत नाही. पहिल्या फ्रेममध्ये ढगाची सावली उतारावर असते, सातव्यात दरीत उतरलेली असते. पिक्सेल शिफ्ट, एक्सपोजर ब्रॅकेटिंग, जोडून केलेला पॅनोरमा, अनेक फ्रेम लागणाऱ्या सगळ्यांची तीच गत. पालटत्या उजेडात मी थोडा मऊपणा पत्करतो आणि एकाच फ्रेमवर भागवतो.

इलेक्ट्रॉनिक शटरपासूनही सावध राहा. या मोठ्या सेन्सरवरून चित्र वाचून व्हायला वेळ लागतो, त्यामुळे हलत्या फांद्या तिरप्या होऊन येतात. मेकॅनिकल शटर वापरा.

उजेड मोजणं

फिल्म म्हटलं की लोक स्लाइड आणि निगेटिव्ह (उलट्या रंगांची, प्रिंट काढायची फिल्म) एकाच पारड्यात टाकतात. खरं तर पालटत्या उजेडात या दोघींत जेवढा फरक पडतो, तेवढा निगेटिव्ह आणि डिजिटलमध्येही पडत नाही.

वेल्विया ५० सारखी स्लाइड जेमतेम पाच स्टॉपचा फरक झेलते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ऊन आलं की पुन्हा स्पॉट मीटर (दृश्यातल्या एका ठिपक्याचा उजेड मोजणारं यंत्र), ऊन गेलं की पुन्हा, आणि आभाळ सांभाळायला ग्रॅज्युएटेड (वर गडद, खाली पारदर्शक) फिल्टर पुढेमागे सरकवत बसायचं. दोन मिनिटांतलं एक मिनिट इथेच जातं. बसली तर तिच्यासारखे रंग नाहीत, हे मान्य. पण एका स्टॉपची चूकही ती माफ करत नाही.

कलर निगेटिव्हचा स्वभाव उलटा. पोर्ट्रासारखी फिल्म दोन-तीन स्टॉप जास्त उजेड मुकाट सोसते. ढगाळ असतानाच सावलीवर मीटर लावून ठेवायचं आणि तिरीप आली की मीटरकडे न बघता शटर दाबायचं. हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) घट्ट होतात, पण हाती राहतात. माझ्या मते अस्थिर हवेत फिल्म न्यायची तर हीच.

डिजिटलमध्ये सगळं निगेटिव्हच्या उलट. जळलेला हायलाइट परत येत नाही, पण अंधारातून मात्र तीन-चार स्टॉप सहज वर काढता येतात. म्हणून ढग फाटायच्या आधीच एक्सपोजर दीड-दोन स्टॉप खाली ओढून ठेवावं. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) जागच्या जागी सांगतो काय झालं ते, आणि ज्याला पुन्हा त्या जागी यायला जमणार नाही त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे. एक मात्र आहे: कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घातलं की समोर इंद्रधनुष्य उमटलेलंही कळत नाही. स्वानुभव आहे, तपशील सांगत नाही.

पाऊस आणि थंडी

यात स्पर्धाच नाही. जीएफएक्सचे बरेचसे मॉडेल आणि पेंटॅक्स ६४५झेड दमट हवा, तुषार यांच्यापासून सील केलेले आहेत. जुना हॅसलब्लाड ५०० सीएम घेऊन सरीत उभं राहिलात, तर वरून बघायचा फाइंडर म्हणजे पावसाला उघडं तोंडच. फोकसिंग स्क्रीनवर थेंब पडतात आणि त्यात रोल संपतो. ओल्या बोटांनी, वाऱ्यात, छत्री मानेत धरून १२० चा रोल भरणं एकदा करून बघा.

थंडीत पारडं थोडं फिरतं. बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्या लागतात. ५०० सीएमला बॅटरी लागतच नाही. पण जुने सगळे असे नसतात: पेंटॅक्स ६७ आणि मामिया ७ बॅटरीशिवाय शटर उघडत नाहीत.

लांब एक्सपोजर

वेल्वियाला ४ सेकंदांपासून जादा वेळ द्यावा लागतो. ३२ सेकंदांना पूर्ण एक स्टॉप, आणि ६४ सेकंदांचं एक्सपोजर खुद्द फुजीफिल्मच टाळायला सांगते. प्रोव्हिया १००एफ मात्र १२८ सेकंदांपर्यंत भरपाई मागत नाही, म्हणून वाहते ढग आणि लाटांसाठी ती बरी. डिजिटलला हा त्रास नाही, पण लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर दोन मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी दोन मिनिटं अडकून पडतो. उघडीप नेमकी तेव्हाच येते. ते बंद ठेवा.

मग कोणी काय घ्यावं?

चालत राहणारे, हवा बघून जागा बदलणारे, एका ठिकाणी दुसऱ्यांदा जायची शाश्वती नसलेले अशांनी डिजिटल घ्यावा. त्यातही १०० मेगापिक्सेलच्या मागे न लागता ५० चा बघावा. त्याच्या फाइली हलक्या, पिक्सेल मोठे आणि वाऱ्यातल्या हलक्याशा थरथरीचा बोभाटा कमी. जीएफएक्स ५०एस टू मध्ये सेन्सर स्थिर ठेवायची यंत्रणाही आहे, ट्रायपॉड उघडायला वेळ नसला की तीच कामी येते.

एकाच जागी तासन्‌तास बसणाऱ्याला, दिवसात सहा फोटो खूप झाले असं वाटणाऱ्याला मी फिल्म घे म्हणेन, आणि त्यातही बॅक (फिल्मची मागची पेटी) बदलता येणारा कॅमेरा. एका बॅकमध्ये कलर निगेटिव्ह, दुसऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट. धुकं उतरलं की डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी पट्टी) घालून बॅक बदलायची, रोल वाया जात नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने अमेरिकेतल्या योसेमिटीच्या हाफ डोम कड्यावर उगवलेल्या चंद्राचा १९६० चा प्रसिद्ध फोटो हॅसलब्लाडवरच काढला होता. पाठीला वजन नको असेल तर मामिया ७. आरसा नसल्यामुळे त्यात थरथर नाही, पण पोलरायझर आणि ग्रॅज्युएटेड फिल्टर अंदाजाने लावावे लागतात. पेंटॅक्स ६७ च्या लेन्स सुरेख, पण आरशाचा दणका असा की १/१५ च्या आसपासचं शटर असेल तर मिरर लॉकअप (आरसा आधीच वर करून ठेवणं) हवंच. अगदी जुन्या ६७ मध्ये ते नाही, घेताना तपासा.

मित्राचा कॅमेरा एक दिवस मागून आणता आला तर भुरभुर पावसात बाहेर पडा. बॅग पाठीवर बंद असू द्या आणि तिथपासून पहिलं शटर पडेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजा, तीन-चार वेळा, बोटं गार पडल्यावरसुद्धा.