सुपर तुकानो: बजेटला कात्री लागल्यावर घ्यावं असं विमान आहे का?

अमेरिकेचं एफ-३५ हे महागडं लढाऊ जेट एक तास हवेत ठेवायचं तर तीस हजार डॉलरच्या वर जातात आणि ब्राझीलच्या एम्ब्रेअरचं सुपर तुकानो हे हलकं लढाऊ विमान, कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे, तासाला हजार डॉलरच्या आसपास. कुठल्याही देशात डिफेन्स बजेटला कात्री लागली की कोणीतरी हा आकडा टेबलावर आपटतो आणि विचारतो, की समोरच्यांकडे विमानं सोडाच, साधं रडार पण नाही, मग हा पांढरा हत्ती कशाला पोसायचा? प्रश्न रास्त आहे. म्हणून म्हटलं या विमानाचा एक रिव्ह्यू लिहू, ब्रोशर वाचून नाही, तर ज्यांनी ज्यांनी ते घेतलं त्यांचं पुढे काय झालं ते बघून. मी पायलट वगैरे नाही, नुसता विमानवेडा आहे, त्या हिशोबाने वाचा.

वस्तू काय आहे ते आधी. पुढे पंखा, टर्बोप्रॉप इंजिन, बहुतेक दोन सीटर, १९९९ मध्ये पहिल्यांदा उडालं. दोन्ही पंखांत एकेक १२.७ मिलिमीटरची मशिनगन, खाली पाच ठिकाणी मिळून साधारण दीड टन बॉम्ब-रॉकेट लटकवता येतात, स्पीड ताशी सहाशे किलोमीटरच्या आतच. इंजिन प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी-६, १६०० हॉर्सपॉवर, आणि याच घराण्यातली इंजिनं जगभर छोट्या प्रवासी विमानांत आणि शेतावर फवारणी करणाऱ्या विमानांत बसवलेली आहेत, म्हणजे मेकॅनिक आणि स्पेअर पार्ट बऱ्याच ठिकाणी मिळतात. हे ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असतं पण गरीब हवाईदलासाठी मशिनगनपेक्षा हेच महत्त्वाचं. कच्च्या धावपट्टीवरून उडतं आणि बाहेरच्या टाक्या लावल्या तर आठ तासांपर्यंत हवेत राहू शकतं. जेट येतं, दोन चकरा मारतं, इंधन संपत आलं म्हणून टँकर शोधायला निघून जातं, आणि खाली अडकलेले जवान आकाशाकडे बघत बसतात. तुकानो तिथेच घिरट्या घालत राहतं.

आता गिऱ्हाइकं. सगळ्यात समाधानी गिऱ्हाईक म्हणजे कोलंबिया. २००५ मध्ये पंचवीस विमानांचा सौदा केला, समोर जंगलात लपलेले फार्क या डाव्या बंडखोर संघटनेचे गनिम. १ मार्च २००८ ला इक्वेडोरच्या हद्दीत घुसून फार्कचा मोठा नेता राऊल रेयेस याचा तळ उडवला, त्या हल्ल्यात सुपर तुकानो पण होती. इक्वेडोर भडकला, राजनैतिक संबंध तोडले, आणि मग त्याच इक्वेडोरने पुढे स्वतःसाठी अठरा सुपर तुकानो घेतली! याहून चांगला कस्टमर रिव्ह्यू कुठल्या कंपनीला मिळणार? ब्राझील स्वतः अमेझॉनच्या जंगलावर हीच विमानं फिरवतं, ड्रग्जवाल्यांच्या छोट्या सेसना अडवायला, आणि त्या कामाला जेट उलट जास्तच फास्ट पडतं.

किमतीचं मात्र शोरूम आणि ऑन-रोडसारखं आहे. लोक एक विमान एक-दोन कोटी डॉलर असं बोलतात, पण अफगाणिस्तानसाठी अमेरिकेने २०१३ मध्ये वीस विमानांची ऑर्डर दिली ती ४२ कोटी ७० लाख डॉलरची, म्हणजे ट्रेनिंग-बिनिंग धरून नगाला दोन कोटींच्या वर. नायजेरियाने बारा घेतली तो सौदा जवळपास पन्नास कोटींचा, त्यात बॉम्ब, स्पेअर, ट्रेनिंग, तळावरची बांधकामं सगळं आलं, भागाकार करून बघा, चार कोटींच्या घरात जातंय. तरी एफ-३५ च्या निम्म्यात आहे, आणि खरी बचत पुढे उडवायच्या खर्चात होते हेही खरं, पण "एका जेटच्या पैशात दहा तुकानो" ही जी थाप चालते ती कोणी मारली तर त्याला बिल दाखवायला सांगा. कंपनीबद्दल पण एक सांगून ठेवतो, २०१६ मध्ये एम्ब्रेअरने लाचखोरीच्या प्रकरणात २० कोटी ५० लाख डॉलर भरून तडजोड केली, त्यात डॉमिनिकन रिपब्लिकला विकलेल्या सुपर तुकानोचा सौदा होता आणि आपल्या नेत्रा या उडत्या रडारच्या प्रोजेक्टसाठी घेतलेल्या विमानांचा पण होता. वस्तू चांगली म्हणजे दुकानदार पण चांगला असं नसतं.

अफगाणिस्तानवर जरा थांबतो, कारण या विमानाची खरी परीक्षा तिथे झाली. पहिली चार २०१६ च्या जानेवारीत काबूलला पोचली, काही महिन्यांत अफगाण पायलट त्यांनी हल्ले करायला लागले, २०१८ पर्यंत लेझर गाइडेड बॉम्ब पण टाकायला लागले. ज्या देशाकडे धड हवाईदल उरलं नव्हतं त्यांच्यासाठी हे फार झालं, आणि तिथे एफ-१६ दिली असती तर ती हँगरमध्येच गंजली असती. पण मेंटेनन्स मोठ्या प्रमाणात परदेशी कॉन्ट्रॅक्टरच्या जिवावर होता, २०२१ मध्ये अमेरिका निघाली तशी ती माणसंही निघाली आणि ताफ्यातली विमानं एकेक करून जमिनीवर बसायला लागली. तालिबानने तर विमान पाडायच्या भानगडीत न पडता पायलटनाच घराजवळ गाठून मारायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये काबूल पडलं तेव्हा बरेच पायलट विमानं घेऊन उझबेकिस्तानात पळाले. याला विमानाचा दोष म्हणता येणार नाही, पण स्वस्त विमान घेतलं म्हणजे हवाईदल स्वस्तात उभं राहतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा भाग दोनदा वाचावा, विमानाच्या मागे पाच-सात वर्षं राबणारा मेकॅनिक स्वस्त इंजिनाबरोबर फुकट येत नाही.

आणि आता सगळ्यात मोठी त्रुटी, खालून कोण मारतंय. तालिबान आणि फार्ककडे खांद्यावरून डागायची चांगली मिसाईलं जवळपास नव्हती म्हणून तुकानो तिथे हिरो ठरलं. ती असती तर काय झालं असतं हे समजायला ब्राझीलला जायची गरज नाही, आपलं कारगिल आठवा. २७ मे १९९९ ला स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांचं मिग-२१ खालून आलेल्या मिसाईलने गेलं, दुसऱ्या दिवशी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर चौघांसकट गेलं. त्यानंतर हल्ल्यातून हेलिकॉप्टरं मागे घेतली आणि काम फत्ते केलं ते मिराज २००० ने, मिसाईलच्या टप्प्याबाहेर उंच राहून, टायगर हिलवर लेझर गाइडेड बॉम्ब टाकून. म्हणजे "मॉडर्न युद्ध म्हणजे डोंगरातले चार बंदूकधारी" असं धरून चाललेल्यांना तिथे डोंगरातल्याच बंदूकधाऱ्यांनी शिकवलं की त्यांच्या खांद्यावर काय आहे त्यावर तुमचं विमान ठरतं. तुकानोला मिसाईलला चकवणारे फ्लेअर वगैरे बसवता येतात, कॉकपिटला चिलखत पण आहे, पण ताशी पाचशेने चाललेलं विमान शेवटी ताशी पाचशेनेच चाललेलं असतं. आणि युक्रेनसारखं युद्ध असेल, जिथे दोन्हीकडे एस-३०० सारखी लांब पल्ल्याची विमानविरोधी मिसाईलं आहेत, तिथे तर फ्रंटवर हे विमान न्यायचंच नाही.

ब्रिटनची गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. जानेवारी २०१० मध्ये तिथले लष्करप्रमुख जनरल डेव्हिड रिचर्ड्स जाहीरपणे म्हणाले होते, की थोड्या एफ-३५ आणि रणगाड्यांच्या पैशात भरपूर ड्रोन नाहीतर तुकानो विमानं येतील. तेव्हा अफगाणिस्तानातलं युद्ध चालू होतं, त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तुकानो घेतली नाहीत ते नाहीतच, वर ऑक्टोबरमध्ये कॅमेरॉन सरकारने बजेटसाठी जहाजावरून उडू शकणाऱ्या हॅरिअर जेटचा अख्खा ताफाच मोडीत काढला, आर्क रॉयल ही विमानवाहू नौका पण काढली. डिसेंबरमध्ये शेवटचं हॅरिअर उडालं, आणि मार्च २०११ मध्ये काय, तर लिबियात गडाफीविरुद्ध युद्ध! टॉर्नेडो विमानं इंग्लंडमधल्या मार्हमवरून उडून, वाटेत इंधन भरत, जाऊन-येऊन जवळपास पाच हजार किलोमीटर करत होती, आणि त्याच समुद्रात इटलीची आणि अमेरिकन मरीनची हॅरिअर जहाजावरून आरामात उडत होती. वर्ष संपायच्या आत ब्रिटनने ७२ हॅरिअर अमेरिकेला विकून टाकली, त्यातली बरीचशी तिकडे स्पेअर पार्टसाठी. मजा म्हणजे गडाफीकडे सुरुवातीला एअर डिफेन्स होता, त्यामुळे रिचर्ड्स साहेबांचं ऐकून नुसती तुकानो घेतली असती तर तीही त्या पहिल्या रात्री कामाची नव्हती. (गोव्यातल्या आयएनएस हंसावर मे २०१६ पर्यंत सी हॅरिअर होती, आपल्या नौदलाने निदान जागी मिग-२९के आल्यावर निरोप दिला, आधी नाही.)

माझं मत असं, की सुपर तुकानो हे दुसरं विमान आहे, पहिलं नाही. आकाश आधीच तुमच्या ताब्यात असेल, म्हणजे एकतर समोर कोणी नाही किंवा जेटने येऊन सगळं साफ करून ठेवलंय, तर मग रोजच्या कामाला याच्यासारखं विमान नाही, महागड्या जेटचे तास वाचतात, त्यांचं आयुष्य वाढतं. पण जेट कापून त्या पैशात हे घेणार असाल तर तुम्ही फक्त एकाच प्रकारच्या शत्रूवर पैज लावताय, आणि तो शत्रू कोण असणार हे ब्रिटनला सहा महिने आधी पण कळलं नव्हतं.

अमेरिकेचं तर वेगळंच. २०१७ पासून हलक्या विमानांचा प्रयोग केला, सुपर तुकानो पण त्यात होतं, २०१८ मध्ये चाचणीत एक कोसळून एक पायलट गेला, मग घेऊ-नको घेऊ करत शेवटी मोजून थोडी घेतली. आणि २०२२ मध्ये त्यांच्या स्पेशल ऑपरेशन कमांडने काय निवडलं, तर एअर ट्रॅक्टर, म्हणजे मुळात शेतात औषध फवारायचं विमान, त्याला चिलखत आणि शस्त्रं लावून! त्यापुढे तुकानो म्हणजे रेसिंग कार.

ड्रोनचं काय, असं विचाराल. नुसती नजर ठेवायची तर ड्रोन स्वस्त, पायलटचा जीव पण धोक्यात नाही, आणि तुर्कीच्या टीबी-२ सारख्या बॉम्ब टाकणाऱ्या ड्रोननी तुकानोचं निम्मं मार्केट खाल्लंय असं मला वाटतं. पण गंमत बघा, युक्रेनमध्ये ड्रोन इतकी झाली की त्यांना पाडायला परत पंख्याची विमानं लागली. ओडेसाकडे याक-५२ हे जुनं ट्रेनर विमान काढलं, मागच्या सीटवर बंदूक घेऊन माणूस बसवला आणि ड्रोन टिपायला लागले, कारण ताशी दीड-दोनशेने चाललेल्या ड्रोनमागे जेट नेणं अवघड आणि त्यावर लाखो डॉलरचं मिसाईल उडवणं त्याहून अवघड. एम्ब्रेअरने हे बरोबर हेरलं, २०२५ मध्ये तुकानो ड्रोनविरोधी कामासाठी पुढे करायला लागले. फ्रंटपासून लांब, शहरांवर येणाऱ्या ड्रोनच्या वाटेत हे विमान आठ तास फिरवा, मशिनगन आहेच. मला विचाराल तर या विमानाचं पुढचं आयुष्य यातच आहे. पोर्तुगालने डिसेंबर २०२४ मध्ये बारा घेतली, सुमारे २० कोटी युरोत, ट्रेनिंग आणि हलका हल्ला दोन्हीसाठी, हा मला शहाण्या गिऱ्हाइकाचा सौदा वाटतो, कारण त्यांच्याकडे एफ-१६ आहेतच.

आपण घ्यावं का? आयात करून तर नको. नाशिकजवळ ओझरला एचएएलने एचटीटी-४० ची दुसरी लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू केली, तेही टर्बोप्रॉप, सत्तर विमानांची सुमारे ६,८०० कोटींची ऑर्डर आहे, ट्रेनर म्हणून. ड्रोन पाडायला एक गन पॉड, म्हणजे खाली लटकवायची मशिनगन, लावून बघायला काय हरकत आहे, पण आधी ती सत्तर वेळेवर येऊ देत. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये गेली, हवाईदलाच्या लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, २९ वर आल्यात, तिथे तेजसच्या जागी पंख्याचं विमान घ्या असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवावं.

पाचपैकी साडेतीन स्टार. आकाश ताब्यात असेल तर साडेचार, खांद्यावरचं मिसाईल समोर असेल तर दीड.